आईची परीक्षा आणि बेसची चप्पल

तुम्ही आधी तो चहा संपवा, मग सांगते. हा किस्सा ऐकताना आमच्या आत्याच्या नाकात चहा गेला होता आणि त्याचाही दोष माझ्यावरच आला.

माझ्या हातून एक गाढवपणा झाला. हातून म्हणजे, हातून नाही. तोंडातूनही नाही, कारण तोंड मी उघडलंच नव्हतं. मी फक्त मान हलवली. आणि त्या मान हलवण्याने माझ्या आईची परीक्षा पार बुडत होती!

हो, आईची परीक्षा. माझी नाही. इथेच तर सगळा घोळ आहे.

मी सायली परब, नववीत आहे, चारकोपला राहते. माझी एकच अडचण आहे. अनोळखी माणसासमोर मला 'नाही' म्हणता येत नाही. रिक्षावाल्याने विचारलं, "सेक्टर आठ ना?" की मी "हो" म्हणते, आठला उतरते आणि तिथून सेक्टर दोनपर्यंत मुकाट चालत येते. दुकानदाराने पेनाऐवजी पट्टी दिली तर पट्टी घेऊन येते. आमच्या घरात पट्ट्यांची कमतरता कधीच पडलेली नाही.

आई अगदी उलट. ती दिंडोशीच्या कोर्टात स्टेनो आहे. मोठमोठे वकील भराभर बोलायला लागले की ती मान वर न करता म्हणते, "हळू. मी माणूस आहे." आणि ते हळू होतात!

तर ही आई मला बोरिवलीला फर्नांडिस सरांकडे कीबोर्डच्या क्लासला सोडायला यायची. सरांच्या हॉलच्या कोपऱ्यात एक डबल बेस उभा होता. तुम्ही व्हायोलिन पाहिलंय ना? तेच, फक्त कपाटाएवढं. आई त्याच्या शेजारच्या स्टुलावर बसून भाजी निवडायची. एके दिवशी गवारीच्या शेंगा मोडता मोडता तिने सहज एक तार ओढली.

घुंऽऽऽ.

"अगं बाई," आई म्हणाली, "हे पोटात वाजतं!"

झालं. गवार तशीच राहिली. पुढच्या आठवड्यापासून सर मला अर्धा तास शिकवायचे आणि आईला एक तास. आणखी काही महिन्यांनी सरांनी बेस आमच्याकडेच ठेवायला दिला. आमचं घर वन रूम किचन. बेस आला तशी बाबांची आरामखुर्ची गॅलरीत गेली.

"काय गो," बाबा त्यांच्या मालवणीत म्हणाले, "माणसा येतली तेव्हा तेंका खंय बसवायचा? ह्याच्या मांडयेर?"

पहिल्या आठवड्यात सोसायटीचा वॉचमन रोज संध्याकाळी पंपरूम तपासून यायचा. त्याला वाटायचं, पाण्याची मोटर कोणीतरी चालू ठेवलीय.

आईने पाश्चात्य संगीताच्या परीक्षेची पहिली पायरी, ग्रेड वन दिली, झकास पास झाली. ग्रेड टूला मात्र आपटली. या परीक्षांमध्ये वाजवून दाखवायचं असतंच, शिवाय एक कानाची परीक्षा असते. परीक्षक पियानोवर चार सूर वाजवतात, ते ऐकून तसेच गाऊन दाखवायचे. आणि आमची आई, जी भर कोर्टात वकिलांना थांबवते, ती अनोळखी माणसासमोर गायच्या नावाने थिजली! तोंड उघडलं, पण आतून फक्त हवा आली. मग त्या धक्क्यात पुढचं वाजवणंही चुकलं.

घरी आल्यावर ती दोन दिवस कोणाशी भांडली नाही. आम्ही घाबरलो होतो.

सर म्हणाले, "स्मिता, परत बस. आपल्या ग्रुपमध्ये व्हायोलिनवाले ढीगभर आहेत, बेस कोणी नाय. ग्रेड टू कर, नाताळच्या प्रोग्रामला तुला उभी करतो. नाय झाली तर मला दुसरा माणूस बघायला लागेल. क्या करूं, सांग?"

त्या दिवसापासून आईला चैन नाही. कणीक मळताना सूर, कपडे वाळत घालताना टाळ्या वाजवून ताल. कानाच्या परीक्षेचा सराव मी घ्यायचे. मी कीबोर्डवर वाजवायचे, आई गायची, चुकलं की मी गाऊन दाखवायचे. ते सगळे सूर मला झोपेतसुद्धा पाठ झाले होते. हे लक्षात ठेवा, म्हणजे पुढे मला शिव्या घालताना सोपं जाईल.

आता चप्पल. बेसच्या खाली एक लोखंडी टोक असतं, त्यावर तो उभा राहतो. गुळगुळीत लादीवर ते टोक सटकतं आणि बेस सरळ पुढे निघून जातो. लोक त्यासाठी खास रबरी चकती घेतात. आईने बाबांची जुनी निळी स्लिपर घेतली, मध्ये भोक पाडलं आणि टोक त्यात खुपसलं. बेस जागचा हलेना! तेव्हापासून ती बेसची चप्पल.

परीक्षा अंधेरीला होती. सरांच्या डोळ्याचं ऑपरेशन नेमकं त्याच आठवड्यात आलं, म्हणून आईला पियानोची साथ करायला मी. "तुला काय बोलायचंय थोडंच?" आई म्हणाली. "फक्त वाजवायचं." मलाही ते पटलं.

टेम्पोत बेस आडवा घातला, त्याच्याखाली दोन गोधड्या. मी मागे बेसला धरून, आई पुढे टेम्पो चालवणाऱ्या शिंदेकाकांच्या शेजारी. प्रत्येक खड्ड्याला आई पुढून ओरडायची, "लागलं का गं?" मी म्हणायचे, "नाही." मग ती म्हणायची, "तुला नाही विचारलं."

परीक्षेच्या ठिकाणी पोचलो आणि पाहते तर काय, सगळी मुलंच! केसांना बो लावलेल्या मुली, टाय लावलेली मुलं, आणि प्रत्येकाशेजारी एकेक आई, हातात पाण्याची बाटली आणि सुकामेव्याचा डबा घेऊन. माझ्या शेजारच्या खुर्चीत एक चष्मेवाला मुलगा व्हायोलिन कवटाळून बसला होता. त्याच्या मम्मीने बेसकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"इतना बडा! बेटा, तू बजाती है?"

मी हसले. हसणं म्हणजे 'हो' नाही, तुम्हीच सांगा. पण त्यांनी ते 'हो' धरलं.

"डरना नहीं हां. मेरे को देखो, मैं तो मम्मी होके इससे ज्यादा डरती हूं." मग आईकडे वळून, "आपको भी टेन्शन हो रहा है ना?"

"हो ना," आई म्हणाली. तिचं लक्षच नव्हतं. ती एकदा उठत होती, एकदा बसत होती, बेसच्या तारा लावत होती, पुन्हा सैल करत होती. पाणी प्यायली. बाथरूमला जाऊन आली. पुन्हा पाणी प्यायली. बेस उभा करून पाहिला, तर टोक लादीवरून सुर्रकन सटकलं. आईचा चेहरा पांढरा पडला.

"चप्पल!"

सगळ्या आया आईच्या पायांकडे बघायला लागल्या. दोन्ही चपला पायात होत्या.

"सायली, चप्पल टेम्पोत राहिली! शिंदे कुठे चहा पीत असतील बघते. तू बेस सोडू नकोस. मेलीस तरी सोडू नकोस!"

आणि आई पळाली. आपल्या नंबराला अजून वेळ आहे, असा तिचा हिशोब होता. तो बरोबरच होता. फक्त आमच्या आधीची मुलगी रडायला लागली आणि तिला शांत करण्यासाठी बाहेर नेलं.

दार उघडलं. गळ्यात ओळखपत्र घातलेली एक ताई बाहेर आली.

"परब? डबल बेस?"

मी परब होते. माझ्या हातात डबल बेस होता.

मी मान हलवली.

तुम्ही म्हणाल, तेव्हाच सांगायचं ना, की आई येतेय! अहो, मी सांगणारच होते. मनात वाक्य तयार करत होते. पण मराठीत सांगू, हिंदीत सांगू की इंग्रजीत, हे ठरेपर्यंत त्या ताईने बेसला पुढून धरलं, मी मागून, आणि आम्ही तिघंही आत. ताई बाहेर गेली, दार बंद.

आत एक परदेशी बाई. पांढरे केस, गळ्यात लटकवलेला चष्मा, चेहऱ्यावर इतकं प्रेमळ हसू की त्यांना 'नाही' म्हणणं आणखीच अवघड. त्या इंग्रजीत बोलत होत्या. मी तुम्हाला मराठीत सांगते, नाहीतर त्यात माझी वेगळी फजिती होईल.

"ये, ये. तू स्मिता ना?"

आता बोला! आईचं नाव! इतकं सोपं होतं, 'नाही' म्हणायचं, संपलं. मी काय केलं?

"येस," मी म्हणाले.

"छान. तुला पियानोची साथ कोण करणार आहे?"

या प्रश्नाचं उत्तर मला खरोखर येत होतं! त्या आनंदात मी स्वतःकडे बोट दाखवलं.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, बेसकडे पाहिलं, मग खोलीच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या पियानोकडे.

"पियानो तू वाजवणार?"

"येस."

"आणि हा बेस?"

"येस."

बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. जगभर परीक्षा घेत फिरताना त्यांनी काय काय पाहिलं असेल, पण हे नसावं. "आपण आधी नुसत्या बेसवर सुरांची चढ-उतर ऐकू या," त्या जपून म्हणाल्या.

मी बेस सरळ केला. चप्पल नव्हती. टोक निघालं! बेस पुढे, त्याला मिठी मारून मी मागे, दोघं मिळून बाईंच्या टेबलाच्या दिशेने. बाईंनी कागद छातीशी धरले. टेबलाच्या अलीकडे आम्ही थांबलो.

"घाबरलीयस," बाई म्हणाल्या. "काही हरकत नाही. बेस आडवा ठेव. आपण आधी कानाची परीक्षा घेऊ या, म्हणजे तुला बरं वाटेल."

त्या पियानोपाशी गेल्या आणि चार सूर वाजवले. त्यांच्यामागोमाग माझ्या तोंडून तेच चार सूर बाहेर पडले. गाणं म्हणजे बोलणं नाही ना! शिवाय रोज संध्याकाळी हेच तर करत होते. बाईंनी पुढचे वाजवले, मी गायले. तालावर टाळ्या वाजवायला सांगितल्या, मी वाजवल्या. बाई खूश. "लव्हली!" म्हणाल्या आणि कागदावर लिहिलं. मीही खूश. इतकी खूश, की आणखी एक गाऊन दाखवू का, असं मनात आलं.

आणि मग माझी नजर त्या पेनावर गेली.

ते मार्क कोणाचे लिहीत होत्या? स्मिता परबचे! आईचा पेपर मी सोडवत होते! याला शाळेत काय म्हणतात ते मला चांगलं माहीत आहे. आईला या लोकांनी कायमचं बाद केलं तर? नाताळचा प्रोग्राम गेला, ग्रुप गेला, आणि रस्त्यात चप्पल शोधत फिरणाऱ्या आईला अजून काहीच माहीत नव्हतं.

सांगायलाच हवं. मी मनात इंग्रजी वाक्य जुळवलं. 'मॅडम, मी मी नाही.' छे! 'मॅडम, स्मिता बाहेर आहे.' हे बरं होतं. मी श्वास घेतला. तोंड उघडलं.

धाडकन दार उघडलं.

दारात आई. धापा टाकतेय, केस सुटलेत, कपाळ घामाने निथळतंय आणि उजव्या हातात, डोक्याच्या वर उगारलेली, निळी स्लिपर!

"सायलीऽऽऽ!"

परदेशी बाई ताडकन उठल्या आणि माझ्यापुढे दोन्ही हात पसरून उभ्या राहिल्या.

"नो! प्लीज! नो! ती फार छान करतेय!"

"काय छान करतेय?" आई ओरडली.

मागून ती ओळखपत्रवाली ताई धावत आली. "मॅडम, पॅरेंट्सना आत यायला नाही! आणि मुलीला मारायचं असेल तर घरी न्या!"

"मारतंय कोण? ही हिची नाहीये, बेसची आहे!"

"बेसला मारणार?"

"अहो, बेस घालतो ही!"

ताई एक पाऊल मागे सरकली. आईने मग कोर्टातलं इंग्रजी बाहेर काढलं. "मॅडम, आय ॲम स्मिता परब. आय ॲम द कँडिडेट. शी इज ओन्ली माय डॉटर."

बाई हळूच माझ्याकडे वळल्या.

"मग तू कोण?"

"स्मिता," मी म्हणाले.

काय करू, सवय लागली होती!

आईने कपाळावर हात मारला. चुकून चप्पलवाला.

ताईचा चेहरा आता कडक झाला. दुसऱ्याच्या नावावर परीक्षा म्हणजे फार गंभीर गोष्ट आहे, असं ती बाईंना सांगू लागली. दिलेला वेळही संपत आला होता, बाहेर पुढचा मुलगा उभा होता. वकिलांना थांबवणारी माझी आई नुसती चप्पल खाली करून उभी राहिली, आणि तिचं तोंड परत तसंच झालं होतं, उघडं, आतून फक्त हवा.

ते मला बघवेना.

"नाही!" मी म्हणाले.

माझा आवाज एवढा मोठा आहे, हे मलाच माहीत नव्हतं. बाहेरचा चष्मेवाला मुलगा दारातून डोकावला.

"नाही. मी स्मिता नाही. आईने काही केलं नाही. ती चप्पल आणायला गेली होती. मला 'नाही' म्हणता येत नाही, म्हणून मी 'हो' म्हणाले. मी सगळ्यांनाच 'हो' म्हणते. आईला बसू द्या. प्लीज." निम्मं मराठी, निम्मं इंग्रजी, मध्ये थोडं रडणं. ताईने उरलेलं बाईंना समजावून सांगितलं.

बाईंनी चष्मा काढला आणि त्या हसायला लागल्या. इतक्या हसल्या की त्यांना खुर्चीत बसावं लागलं. मग त्यांनी माझ्या मार्कांचा कागद टरकन फाडला, नवीन घेतला आणि ताईला विचारलं, पुढचा मुलगा थांबेल का?

"मम्मी की एग्झाम?" दारात त्या मुलाची मम्मी. "मम्मी की?" त्यांनी मुलाला खांद्याला धरून मागे ओढलं. "हम रुकते हैं. जाओ आप, शांती से करो!"

आधी कानाची परीक्षा. मला बाहेर काढलं होतं. मी दाराला कान लावला, चष्मेवाल्याच्या मम्मीनेही लावला. चार सूर वाजले. मी डोळे मिटले.

आणि आई गायली! धावून आलेली, घामेजलेली, माझ्यावर खवळलेली. तिला थिजायला फुरसतच नव्हती. मला जेवायला हाक मारते ना, त्या आवाजात गायली. भिंती हादरल्या, पण सूर बरोबर होते. एकूण एक.

"तेरी मम्मी गुस्से में गाती है," चष्मेवाला म्हणाला. त्याच्या मम्मीने त्याला चिमटा काढला.

मग मला आत बोलावलं, साथीला. बेस चपलेवर ठाम उभा होता. आईने मान हलवली आणि आम्ही सुरू केलं.

आता तुम्हाला वाटेल, इथून पुढे सगळं गोड झालं. आईचं झालं. माझं मात्र नाही. पहिला पीस मी असा सुरू केला, जणू मागे कुत्रा लागलाय. दुसऱ्यात एक अख्खी ओळ गाळली. एकदा तर डावा हात भलतीकडेच जाऊन पडला. पण आई हलली नाही. घुं, घुं, घुं, तिचा ठेका तसाच. रस्ता ओलांडताना लहान मुलाचा दंड धरतात ना, तसं त्या घुं-घुंने मला धरून ठेवलं आणि दर वेळी परत जागेवर आणून उभं केलं.

परत येताना टेम्पोत आई पुढे न बसता माझ्याशेजारी मागे बसली. बेसवरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "ते 'नाही' बरं ओरडलीस गं. जरा आधी ओरडली असतीस तर मी पाणी तरी प्यायले असते."

काही आठवड्यांनी निकाल आला. आई पास! आणि नुसती पास नाही, चांगल्या मार्कांनी. नाताळच्या प्रोग्रामला ती मागच्या रांगेत, सगळ्यात उंच वाद्य घेऊन उभी राहिली आणि बाबांनी पहिल्या रांगेतून एवढ्या जोरात टाळ्या वाजवल्या की सरांना त्यांच्याकडे वळून बघावं लागलं.

आईने तो निकाल फ्रेम करून हॉलमध्ये, टीव्हीच्या बरोबर वर लावलाय. येणारा प्रत्येक पाहुणा तो मोठ्याने वाचतो. त्यात खाली परीक्षक बाईंनी स्वतःच्या हाताने एक ओळ लिहिलीय: 'पियानोची साथ सर्वस्वी बेभरवशाची असूनही उमेदवाराने ठेका सोडला नाही. कौतुकास्पद.'

पाहुणे हळहळतात. "अरेरे," म्हणतात, "पियानोवर कोण होतं गं ते?"

आणि मी अजिबात न अडखळता सांगते, "माहीत नाही."